रेंज खळ्यात, फोन माजघरात

एका वाचक ताईंचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

«आमचं घर देवरुखपासून आत, ओढ्याकाठी. जुनं चिऱ्यांचं, मागे नंतर वाढवलेली पडवी. मोबाइलला रेंज फक्त खळ्यात, तीही तुळशीपाशी उभं राहिलं तर. सहा महिन्यांपूर्वी केबलवाल्याकडून फायबर घेतलं, ५० एमबीपीएसचा प्लॅन. राउटर ओटीवर आहे. ओटीवर वायफाय कॉलिंग छान चालतं, माजघरात आवाज तुटतो, पडवीत गेलं की कॉल बंद. मुलगा पुण्याहून फोन करतो तेव्हा कधीकधी त्याला 'संपर्क क्षेत्राबाहेर' असं ऐकू येतं, आणि फोन तर माझ्या हातात असतो. लाइट गेली की सगळंच गेलं. धाकट्याने मस्कतहून पाठवलेल्या फोनवर वायफाय कॉलिंगचा पर्यायच दिसत नाही. सासूबाई ८१ वर्षांच्या, त्यांना बटणांचाच फोन जमतो. केबलवाला म्हणतो २०० चा प्लॅन घ्या. मोबाइलच्या दुकानातला म्हणतो रिपीटर, म्हणजे वायफाय पुढे पोचवणारं यंत्र, लावा. कोणाचं ऐकू?»

ताई, तूर्त दोघांचंही ऐकू नका.

प्लॅनचं आधी निकालात काढू. वायफायवरून होणाऱ्या एका कॉलला एका दिशेला साधारण १०० केबीपीएस लागतात. एक एमबीपीएस म्हणजे हजार केबीपीएस, तेव्हा तुमच्या ५० एमबीपीएसमध्ये असे शेकडो कॉल मावतील. २०० घेतले तरी माजघरात काडीचा फरक पडणार नाही, कारण अडचण वेगाची नाहीच. कॉलमध्ये आवाजाचे छोटे तुकडे करून पाठवतात, दर २० मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला ५०. एखादा तुकडा उशिरा आला तर फोन तो फेकून देतो, कारण तोवर पुढचा शब्द आलेला असतो. यूट्यूब पुढचा व्हिडिओ आधीच भरून ठेवतं, त्यामुळे मध्ये दोन सेकंद अडलं तरी आपल्याला कळत नाही. फोनला ती सोय नाही. बोलणं नीट व्हायला एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत, त्यातला चढउतार ३० च्या आत आणि हरवणारे तुकडे शंभरात एकापेक्षा कमी असावे लागतात. यातलं काहीही प्लॅनच्या जाहिरातीत छापलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण दुकानांतसुद्धा यात घोळ घालतात. वायफाय कॉलिंग म्हणजे व्हॉट्सॲप कॉल नव्हे. इथे तुमचंच सिम, तुमचाच नंबर, नेहमीचंच डायल पॅड. फोन घरच्या वायफायमधून थेट मोबाइल कंपनीच्या दारापर्यंत एक बंद बोगदा तयार करतो, सिमवरून स्वतःची ओळख पटवतो आणि कंपनीच्या दृष्टीने तुम्ही टॉवरखाली उभ्या असल्यासारख्याच होता. समोरच्याकडे साधा फोन असला तरी चालतो. पैसे तुमच्या रिचार्जप्रमाणेच, परदेशी नंबर लावलात तर आयएसडीचा दर लागणारच. एअरटेलने हे डिसेंबर २०१९ मध्ये सुरू केलं, जिओने जानेवारी २०२० मध्ये, व्हीआयने डिसेंबर २०२० मध्ये, आणि बीएसएनएल सर्वांत शेवटी आलं. तो 'बोगदा' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खर्च करण्याआधी एक संध्याकाळ तपासणीला द्या. फोन विमान मोडवर टाका, मग त्यातच वायफाय पुन्हा चालू करा. आता टॉवरचा संबंध संपला, जे काही होईल ते वायफायवरूनच. अर्ध्या-एक मिनिटात वरच्या पट्टीत वायफाय कॉलिंगची खूण किंवा कंपनीच्या नावापुढे 'वायफाय' असं दिसायला हवं. ओटीवर बसून मुलाला फोन लावा आणि बोलत बोलत माजघरात या, तिथून पडवीत जा. कॉल आता माजघरात तुटला नाही, पण विमान मोड काढल्यावर तुटतो, असं झालं तर दोष वायफायचा नाही. फोन टॉवर आणि वायफाय यांच्यात हेलकावे खातोय. विमान मोडमध्येही तुटला तर वायफायच कमी पडतंय.

दुसरी तपासणी लॅपटॉपवर. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत 'पिंग', एक जागा सोडून राउटरचा पत्ता, पुन्हा जागा सोडून 'डॅश टी' लिहा आणि एंटर दाबा. पत्ता राउटरच्या खालच्या लेबलवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. ओटीवर आकडे १ ते ५ मिलिसेकंद दिसतील. लॅपटॉप तसाच उचलून माजघरात न्या. आकडे १००-२०० वर उड्या मारू लागले किंवा मध्येच 'टाइम्ड आउट' यायला लागलं तर गडबड राउटर ते माजघर एवढ्याच अंतरात आहे. मग राउटरच्या पत्त्याऐवजी ८.८.८.८ (हा बाहेरचा, गूगलच्या सर्व्हरचा पत्ता) घालून ओटीवरच पुन्हा पाहा. राउटरपर्यंत सगळं स्थिर, आणि हे आकडे मात्र ३० वरून ३०० वर जातात असं दिसलं, तरच केबलवाल्याकडे तक्रार करायची. आणि तेव्हाही प्लॅन वाढवायचा नाही, लाइन तपासून घ्यायची. ओएनटीवर, म्हणजे फायबरची वायर येते त्या पेटीवर, लाल 'एलओएस' दिवा लुकलुकतोय का बघा. केबलवाल्याला ऑप्टिकल पॉवर, म्हणजे वायरीतून पोचणाऱ्या प्रकाशाचा जोर, विचारा. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असली तर उत्तम. उणे २७ च्या पलीकडे गेली तर कुठेतरी वायर वाकलीय, जोड मळलाय किंवा माकडांनी-उंदरांनी कुरतडलंय. हिरव्या टोकाची ती क्लिप स्वतः काढून बोटाने पुसू नका, आणि डोळ्यासमोर तर मुळीच धरू नका.

तुमच्या वर्णनावरून अंदाज असा की ९० टक्के दोष भिंतीचा आहे. जुन्या घरांतली चिऱ्याची भिंत १४-१५ इंच सहज असते, ओटी आणि माजघर यांच्यामधली तर हमखास. चिरा म्हणजे जांभा दगड, आणि तो सच्छिद्र असतो. उन्हाळ्यात तो वायफायला जितका अडवतो त्यापेक्षा पावसाळ्यात जास्त, कारण ओल धरतो आणि पाणी या लहरी शोषतं. म्हणून एप्रिलमध्ये जे 'चालतंय' ते जुलैत चालेलच असं नाही. जोडणी करताना थोडी शिल्लक ठेवायची. पडवीवर पत्रा असेल, माजघराच्या भिंतीला लोखंडी कपाट टेकलेलं असेल, मोठा आरसा किंवा फ्रीज मधल्या रेषेत असेल तर तिथून लहर जातच नाही, वळून जाते. राउटर आणि सासूबाईंची खाट यांच्यामध्ये एक सरळ दोरी ताणली आहे असं समजा आणि त्या दोरीच्या वाटेत काय काय येतं ते मोजा. बहुतेक वेळा कपाट दोन फूट सरकवल्याने जे काम होतं ते नवं यंत्र आणून होत नाही.

फोनवर वायफाय ॲनालायझरसारखं एखादं मोफत ॲप घ्या आणि प्रत्येक खोलीतला आकडा कागदावर लिहा. आकडा उणे असतो: उणे ५० म्हणजे झकास, उणे ८० म्हणजे नावापुरता. नुसतं इंटरनेट उणे ७५ वरही रडतखडत चालतं, पण बोलण्यासाठी उणे ६७ किंवा त्याहून चांगला हवा. माजघरात तुम्हाला ७५ च्या आसपास दिसेल असं वाटतं.

राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर वायफाय देतो. शहरातल्या लोकांना सगळे सांगतात की ५ गिगाहर्ट्झ वापरा, कारण तिथे एका इमारतीत चाळीस राउटर २.४ वर कलकलाट करत असतात. तुमच्याकडे शेजारचं घर शंभर पावलांवर. तुमची २.४ ची हवा मोकळी आहे, आणि भिंतीतून तीच जास्त पार होते. तेव्हा राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या. 'स्मार्ट कनेक्ट' किंवा 'बँड स्टीअरिंग' बंद करा, नाहीतर राउटर बोलण्याच्या मध्येच फोनला एका पट्टीवरून दुसरीवर ढकलतो. बोलायचे फोन २.४ वर ठेवा, चॅनेल रुंदी २० मेगाहर्ट्झ, चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक. 'डब्ल्यूएमएम' नावाचा पर्याय चालूच असू द्या. आवाजाच्या तुकड्यांना रांगेत पुढे घ्यायचं काम तोच करतो. मायक्रोवेव्ह ओव्हन असेल तर तो चालू असेपर्यंत २.४ वर आवाज खरखरेल. तेवढा वेळ बोलणं थांबवा किंवा जेवण.

आता उपाय. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ओएनटीच माजघरात नेणं. केबलवाल्याकडून फायबरची वायर १५-२० मीटर वाढवून घ्यायची आणि पेटी घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, तुळईखाली लावायची. माळ्यावर अडगळीत नको, उष्णता आणि उंदीर दोन्ही असतात. फायबर वाकवताना वळण करंगळीइतकं बारीक करू नका. तीन सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण टाळा, पॉवर घटू शकते. मध्यावर पेटी आली की ओटी आणि पडवी दोन्हीकडे एकेकच भिंत लागते. पुष्कळ घरांत एवढ्यावरच भागतं.

नाही भागलं तर पडवीसाठी दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारी आणखी एक पेटी, आणि तो तारेने जोडलेला. घरात जुना राउटर पडून असेल तर तोही चालेल. कॅट ६ ची केबल घ्या, पण 'शुद्ध तांबं' असं पक्कं विचारून. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास विकतात आणि ती दोन पावसाळ्यांत जोडाशी कुजते. केबल शक्यतो घराच्या आतून, दाराच्या चौकटीवरून किंवा कौलांखालच्या फटीतून न्या. जुन्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर हाताने करा: लॅपटॉप त्याला जोडून त्याचा पत्ता बदला (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या), त्याचा डीएचसीपी (फोनांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, आणि माजघरातून आलेली केबल त्याच्या निळ्या 'वॅन' भोकात न घालता पिवळ्या 'लॅन' भोकांपैकी एकात घाला. रंग कंपनीगणिक वेगळे असतात, नाव वाचा. वायफायचं नाव आणि पासवर्ड अक्षरशः तेच ठेवा, चॅनेल मात्र वेगळं: माजघरात १ असेल तर पडवीत ११.

हे सगळं बरोबर झालं का ते तपासायची खूण सोपी आहे. माजघरात असताना फोनच्या वायफायच्या तपशिलात आयपी पत्ता बघा, मग पडवीत जाऊन पुन्हा बघा. दोन्हीकडे तोच पत्ता हवा. पडवीत गेल्यावर तो १९२.१६८.०.काहीतरी झाला, तर दुसरा राउटर स्वतःचं वेगळं राज्य चालवतोय. मग तुम्ही उंबरा ओलांडला की मघाचा बोगदा मोडतो, फोन नवा बांधायला लागतो, आणि तोवर कॉल गेलेला असतो. दुकानातल्या रिपीटरबद्दल हाच मुख्य आक्षेप. काही रिपीटर असंच वेगळं राज्य करतात. सगळेच करत नाहीत, पण एकच पट्टी ऐकायला आणि बोलायला वापरणारा रिपीटर प्रत्येक तुकडा दोनदा हवेत पाठवतो, त्यामुळे वेग निम्मा आणि उशीर वाढलेला. शिवाय लोक तो लावतात कुठे? जिथे रेंज येत नाही तिथे. त्याला स्वतःलाच ऐकू येत नसेल तर तो पुढे काय सांगणार? लावायचाच झाला तर रेंज अजून उणे ६० च्या आसपास आहे अशा जागी, म्हणजे ओटी-माजघराच्या दाराशी लावावा.

दोन ॲक्सेस पॉइंट झाले तरी चालता चालता कॉलमध्ये क्षणभर खाच पडू शकते. फोन जुन्या पॉइंटला चिकटून राहतो, रेंज पार जाईपर्यंत सोडत नाही. माजघरातल्या राउटरची ट्रान्समिट पॉवर 'हाय' वरून 'मीडियम' केली तर तो लवकर सोडतो. हे उलटं वाटेल, पण करून बघा.

'संपर्क क्षेत्राबाहेर'ची कटकट वेगळी आहे. तिची तीन कारणं असतात आणि तुमच्याकडे बहुधा पहिलं. तुम्ही खळ्यातून आत येता, तेव्हा फोन टॉवरवर असतो. आत आल्यावर एक काडी उरते, फोन त्या काडीला धरून बसतो, मग तीही जाते, आणि वायफायवरून नोंदणी व्हायला आणखी काही सेकंद लागतात. या मधल्या वेळात मुलाने फोन केला की तुम्ही कुठेच नसता. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क किंवा कनेक्शन्स, मग सिम, आणि तिथे वायफाय कॉलिंगखाली 'कॉलिंग प्रेफरन्स' असतं. तिथे 'वायफायला प्राधान्य' निवडा. व्होएलटीई (४जीवरून होणारे कॉल) चालू हवंच, ते बंद असेल तर बऱ्याच हँडसेटवर वायफाय कॉलिंगही उठत नाही. दोन सिम असतील तर दोन्हींसाठी वेगळं चालू करावं लागतं. आयफोनमध्ये असं प्राधान्य देता येत नाही, तो स्वतःच ठरवतो. तिथे घरात असताना विमान मोड अधिक वायफाय हीच युक्ती. तिचा एक फायदा असा की टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. तोटा उघड आहे: वायफाय गेलं की फोन मुका.

दुसरं कारण, फोनची झोप. पडद्याचा उजेड गेल्यावर बॅटरी वाचवायला काही फोन वायफाय ढिलं सोडतात. बोगदा जिवंत ठेवायला फोनला थोड्या थोड्या वेळाने 'मी आहे' असा छोटा निरोप पाठवावा लागतो. तो चुकला की राउटर ती वाट विसरून जातो, काही स्वस्त राउटर तर अर्ध्या मिनिटात विसरतात. आतून फोन करताना नवी वाट तयार होते म्हणून तुमचे जाणारे कॉल लागतात, येणारे मात्र वाजत नाहीत. ही खूण तंतोतंत जुळत असेल तर बॅटरी सेव्हर बंद करा, आणि 'वायफाय कमकुवत झालं तर मोबाइल डेटावर जा' अशा अर्थाचा जो पर्याय असेल तोही बंद करा.

तिसरं कारण, बोगद्याच्या वाटेतच अडथळा. ओटीवर कॉलिंग चालतंय, म्हणजे तुमच्याकडे हे नसावं, पण नवा राउटर आणलात आणि खूणच गायब झाली तर लक्षात असू द्या. बोगदा यूडीपी ५०० आणि ४५०० या दोन पोर्टांवरून जातो. राउटरची फायरवॉल 'हाय' वर असेल तर ती हे अडवते. 'मीडियम' करा आणि 'आयपीसेक पासथ्रू' चालू करा. फोनवर व्हीपीएन किंवा जाहिराती अडवणारं ॲप असेल तर काढून पाहा. दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट तुळशीपाशी चालू करून त्याला तुमचा फोन जोडा: तिथे खूण आली आणि घरच्या वायफायवर नाही, तर राउटर किंवा केबलवाला. वापरनाव-पासवर्ड घालून चालू होणारी जोडणी असेल तर राउटरमधली एमटीयू (एका तुकड्याचा कमाल आकार) ही सेटिंग १४९२ पेक्षा जास्त ठेवू नका. हे आकडे कागदावर लिहून केबलवाल्याच्या पोराच्या हातात द्या. फोनवर सांगून उपयोग होत नाही.

एरवी सगळं नीट असताना ठरावीक वेळीच आवाज तुटतो का, तेही बघा. रात्री फोनमधले फोटो आपोआप वर चढत असतील किंवा सीसीटीव्ही सतत चित्रण पाठवत असेल तर वरची, म्हणजे घरातून बाहेर जाणारी, वाट तुंबते. तुम्हाला मुलाचं स्पष्ट ऐकू येतं, पण त्याला तुमचं तुटक, ही तिची खूण.

लाइटचं. ओएनटीच्या अडॅप्टरवर '१२ व्होल्ट, १ अँपिअर' असं काहीतरी छापलेलं असेल. त्याच व्होल्टेजचा राउटरसाठीचा मिनी यूपीएस मिळतो, हाताच्या पंजाएवढा. अँपिअर अडॅप्टरइतके किंवा जास्त हवेत, कमी नकोत. पिन जुळते का ते दुकानात लावून बघा, ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ मिलिमीटर अशा दोन पिना दिसायला सारख्या असतात आणि चुकीची ढिली बसून राउटर सारखा रीस्टार्ट होतो. डब्यावर ८८०० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं, १२ व्होल्टचं नव्हे. म्हणजे साधारण ३२ वॅट-तास, त्यातले हाती लागतात २७ च्या आसपास. ओएनटी ९ वॅट घेत असेल तर तीन तास. पडवीतल्या ॲक्सेस पॉइंटला वेगळा यूपीएस लागेल. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा सॉकेट त्यावर घ्या. पालटताना क्षणभराचा खंड पडून राउटर रीस्टार्ट होत असेल तर मध्ये मिनी यूपीएस.

पण यूपीएस विकत घेण्याआधी केबलवाल्याला एकच प्रश्न विचारा: «तुमच्या ऑफिसपासून आमच्या घरापर्यंत मध्ये विजेवर चालणारी पेटी कुठे आहे का?» खऱ्या जीपॉन (घरापर्यंत फायबर आणायची एक पद्धत) जोडणीत मधले स्प्लिटर, म्हणजे एका फायबरच्या अनेक फांद्या करणारे जोड, बिनविजेचे असतात, तिथे त्याच्या ऑफिसात बॅटरी असली की पुरे. काही ठिकाणी मात्र कुणाच्या तरी घरात किंवा खांबावर वीज लागणारा स्विच टांगलेला असतो. गावाची लाइट गेली की तो जातो, आणि मग तुमचा यूपीएस नुसता दिवे लुकलुकवत बसतो.

मे आणि ऑक्टोबरातल्या विजांसाठी: फायबरमधून वीज येत नाही, पण खांबावरून येणाऱ्या वायरीला आधाराची पोलादी तार असते, ती घराबाहेरच तोडून थांबवलेली असावी. पेट्या जळतात त्या बहुधा अडॅप्टरच्या वाटेने. गडगडाट सुरू झाला की अडॅप्टर भिंतीतून काढा. मिनी यूपीएसवर पेटी चालूच राहील. घराबाहेरून, गोठ्यापर्यंत वगैरे, तांब्याची कॅट ६ ओढू नका.

मस्कतच्या फोनचं दुखणं सॉफ्टवेअरचं आहे. वायफाय कॉलिंगसाठी फोनमध्ये त्या त्या मोबाइल कंपनीची सेटिंग आधीच भरलेली लागते, आणि आखाती बाजारासाठीच्या अँड्रॉइड फोनांत भारतीय कंपन्यांची ती अनेकदा नसते. सगळे अपडेट घ्या, सिम काढून घाला, फोन रीस्टार्ट करा. तरीही पर्याय दिसला नाही तर त्याच्या मागे लागू नका. दुकानदाराकडून दुसऱ्या देशाचं सॉफ्टवेअर चढवून घेतलं तर वॉरंटी आणि बँकेची ॲपं दोन्ही अडचणीत येतात. तो फोन व्हॉट्सॲपसाठी ठेवा आणि सिम इथे घेतलेल्या फोनात घाला. सिम ४जी असायला हवं हे ओघाने आलंच.

ओटीपी आणि ११२ (आणीबाणीचा नंबर) याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. वायफाय कॉलिंग चालू असलं म्हणून एसएमएसही वायफायवरून येतीलच असं नाही. कंपनी आणि हँडसेट यांच्या जोडीवर ते अवलंबून असतं. विमान मोड अधिक वायफायमध्ये दुसऱ्या फोनवरून स्वतःला एक एसएमएस पाठवून बघा. आला नाही, तर बँकेत ओटीपी ईमेलवरही मिळण्याची सोय करून घ्या, नाहीतर गॅसचे पैसे भरायलाही तुळशीपाशी जावं लागेल. आणि वायफायवरून केलेल्या ११२ च्या कॉलमध्ये तुमचं ठिकाण टॉवरसारखं आपोआप कळेल यावर विसंबू नका. गाव, वाडी, तालुका, जवळची खूण असं चार ओळींत लिहून फोनशेजारी चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा पत्ता सांगता येत नाही.

राहता राहिल्या सासूबाई. बटणांच्या साध्या मोबाइलमध्ये सहसा वायफायच नसतं, तेव्हा त्याला घरात रेंज मिळणार नाही. त्यांना लँडलाइन द्या, तुमच्याच फायबरवर. ओएनटीच्या मागे 'टेल', 'फोन' किंवा 'पॉट्स' लिहिलेलं बारीक भोक आहे का बघा. असेल तर केबलवाल्याकडून व्हॉइस चालू करून घ्या (तो देत नसेल तर जी कंपनी देते तिची जोडणी घ्यावी लागेल) आणि जुना वायरचा फोन, मोठ्या बटणांचा, थेट त्या भोकात लावा. घरातल्या जुन्या टेलिफोनच्या वायरिंगवर तो चालवायचा असेल तर आधी खांबावरून येणारी तांब्याची जुनी जोडी घराच्या बाहेर तोडून वेगळी करा. तिच्यावर एक्स्चेंजचं ४८ व्होल्ट असू शकतं आणि ते ओएनटीच्या भोकात शिरलं तर भोक जातं. बिनवायरीचा कॉर्डलेस घेण्याचा मोह झाला तर डब्यावर फ्रीक्वेन्सी वाचा, २.४ गिगाहर्ट्झचा घेतलात तर मघाशी मोकळी ठेवलेली हवा त्यानेच भरून टाकाल. आणि फोन चालू झाल्यावर 'नंबर लागत नाही' अशी पहिली तक्रार येईल, ती शून्याची. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी ० दाबावा लागतो, फायबरच्या लँडलाइनलाही. फोनच्या मेमरीत १ च्या बटणावर मुलाचा नंबर शून्यासकट भरून ठेवा, आणि त्या बटणावर लाल टिकली चिकटवा.